हरवलेला अंकुर

निर्जीव वस्तूला पडद्यावर चालविण्याची कला चित्रपटाइतकीच जुनी म्हणावी लागेल. तिचे तत्त्व सोपे आहे. वस्तूचे एक चित्र घ्यावयाचे, ती केसभर सरकवावयाची आणि पुन्हा चित्र घ्यावयाचे. मूकपटाच्या काळी सेकंदाला सुमारे 16 चित्रे लागत. म्हणजे मिनिटभराच्या खेळासाठी हजाराच्या घरात चित्रे. या कलेचे खरे भांडवल पैसा नव्हे, चिकाटी हे होते.

1910 च्या सुमारास, तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या कौनास शहरी लादिस्लाव स्तारेविच यांना भुंगेऱ्यांची झुंज चित्रित करावयाची होती. परंतु प्रखर दिव्यांखाली ते निशाचर कीटक निपचित पडत. तेव्हा त्यांनी मेलेल्या भुंगेऱ्यांना तारेचे पाय जोडले आणि एकेक चित्र घेत झुंज रंगविली. 1912 साली त्यांनी कीटकांचेच एक प्रणयनाट्य पडद्यावर आणले. रशियन क्रांतीनंतर ते फ्रान्समध्ये स्थायिक झाले.

त्याच 1912 साली मुंबईत दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्यासमोर कॅमेरा रोवला होता. येथे हलविण्याचे काम निसर्ग करीत होता. फाळके रोज नेमाने त्याचे चित्र घेत होते. महिनाभराची वाढ पडद्यावर क्षणांत उलगडली आणि ती पाहूनच यशवंत नाडकर्णी यांनी कर्ज दिले. 'राजा हरिश्चंद्र'चा पाया या अंकुराने घातला. पुढे फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात काड्यांनाही नाचविले.

दोघांची चिकाटी सारखीच. चित्रपटांचे भाग्य मात्र वेगळे. स्तारेविच यांचे कीटक आजही पाहावयास मिळतात. फाळक्यांचा अंकुर व आगकाड्या, दोन्ही नाहीशा झाल्या आहेत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते 1964 साली, फाळक्यांच्या निधनानंतर वीस वर्षांनी. तोवर कित्येक मूकपट काळाच्या उदरात गडप झाले होते.

फाळक्यांच्या नावे पुरस्कार देण्यात आपण कुचराई करीत नाही. परंतु आजही लहानशा खोलीत मातीच्या बाहुल्या केसभर सरकविणारे कलावंत आहेत. त्यांच्या कृती त्यांच्या हयातीतच संग्रही घेण्याची तजवीज झाली पाहिजे. नुसता गौरव कृतीला तारत नाही, जतन तारते. महिनाभर राखलेला अंकुर पुढच्या पिढ्यांना राखता आला नाही, ही चूक दुसऱ्यांदा घडता कामा नये.