परवान्याचे शस्त्र आणि मोटारीचे आसन

निपाणीच्या वखारींतून तंबाखूच्या वसुलीची रोकड घेऊन रात्री-अपरात्री परतणारे व्यापारी, मळ्यात एकटी वस्ती करून राहणारे बागाईतदार आणि सैन्यातून निवृत्त होऊन गावी आलेले जवान अशा काही घरांत परवान्याचे रिव्हॉल्व्हर असणे, ही आमच्या सीमाभागात नवलाची गोष्ट नव्हे. नवल आहे ते निराळेच. परवान्यासाठी माणूस महिनोन्‌महिने कचेरीच्या पायऱ्या झिजवितो. पण शस्त्र ज्यात बाळगायचे ते कातडी म्यान, ज्याला सारे होल्स्टरच म्हणतात, ते मात्र दुकानातून पाच मिनिटांत उचलून आणतो. मोटारीत बसल्यावर ते कमरेत रुतू लागते. मग रिव्हॉल्व्हर निघते आणि शेजारच्या आसनावर वा समोरच्या कप्प्यात जाऊन पडते. खरा धोका तेथून सुरू होतो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याची धाकटी कन्या त्याच कप्प्यात पेपरमिंटच्या गोळ्या शोधीत होती, एवढे सांगितले तरी पुरे.

कायद्याचे म्हणणेही हेच आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली २०१६ मध्ये जे नियम झाले, त्यांनुसार सार्वजनिक जागी असे शस्त्र न्यावयाचे तर ते त्यासाठीच बनविलेल्या म्यानात, अंगाला जोडलेले, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. कप्प्यातले शस्त्र ताब्यात आहे, असे कोण म्हणेल?

तेव्हा प्रश्न उरतो तो बसण्याचा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. आसनपट्टा उजव्या खांद्यावरून उतरून कमरेच्या डाव्या बाजूस अडकतो. उजव्या कमरेवरील म्यान त्यामुळे पट्टा, आसनाची कड आणि दार यांच्या कचाट्यात सापडते. पाठीमागे कण्यावर खोचलेले शस्त्र तर अपघातात धन्याचाच कणा मोडावयाचे. पोटापुढे खोचावे, तर बसताना नळी स्वतःच्याच मांडीकडे वळते. काखेतले म्यान लांबच्या प्रवासाला सुखाचे खरे. परंतु त्याच्या काही प्रकारांत नळी आडवी, मागच्या आसनाकडे रोखलेली राहते, आणि मागे बहुधा मुले बसलेली असतात. मला स्वतःला डाव्या बाजूस, पोटाच्या किंचित कडेला, उंच बसणारे आणि नळी जमिनीकडे ठेवणारे म्यान त्यातल्या त्यात बरे वाटते. उजवा हात तेथे सहज पोहोचतो, वरून जाकीट आले की ते झाकले जाते. मात्र पट्ट्याच्या कडीपासून ते चार बोटे दूर हवे. विकत घेण्यापूर्वी रिकामे शस्त्र घालून, पट्टा बांधून, आपल्याच मोटारीत अर्धा तास बसून पाहावे. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्यावे.

वजनही ध्यानात घ्यावे. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ मध्ये काढलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅमचे आहे, तर पोलादी बनावटीची शस्त्रे त्याहून जड. त्यांना रुंद, ताठ कमरपट्टाच लागतो.

कातड्याविषयी मात्र आपल्या प्रांताने जगाला शिकवावे अशी स्थिती आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले जे जाड कातडे कोल्हापुरी चपलेला लागते, त्याच जातीचे कातडे म्यानालाही उत्तम. (या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकाचेही चार जिल्हे आहेत, चपलेने तरी सीमा मानली नाही!) ओले करून घडविले की हे कातडे शस्त्राचा आकार धरते. शस्त्र काढल्यावरही म्यानाचे तोंड उघडे राहते, त्यामुळे परत ठेवताना कातड्याची घडी चापात अडकत नाही. मऊ म्यानात हीच घडी गोळी उडविते. चाप पूर्ण झाकला गेलाच पाहिजे, यात तडजोड नाही. घरी आल्यावर मात्र शस्त्र म्यानात ठेवू नये. कातडे ओल धरते आणि आमच्या पावसाळ्यात लोखंडाला गंज चढावयास आठवडाही लागत नाही.

आता सीमेविषयी. परवाना किती मुलखात चालतो, हे त्यावरच लिहिलेले असते, पण कन्नड वा इंग्रजी मजकूर आमच्यापैकी कितीजण नीट वाचतात? १ नोव्हेंबर १९५६ पासून आमची गावे एका राज्यात आणि सोयरीक, बाजार, दवाखाना दुसऱ्यात. निपाणीहून कोल्हापूर अवघे चाळीस किलोमीटर. कोगनोळी मागे पडून कागल येईपर्यंत राज्य बदलते. परवाना केवळ कर्नाटकापुरता असेल, तर तेच झाकलेले, नियमाने बांधलेले शस्त्र पलीकडे बेकायदा ठरते. अशा वेळी ते घरी कुलपात राहिलेले बरे. निवडणुकांच्या काळात शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, आणि दोन्ही राज्यांच्या विधानसभा निवडणुका निरनिराळ्या वर्षी येतात : कर्नाटकाची मे २०२३ मध्ये झाली, महाराष्ट्राची नोव्हेंबर २०२४ मध्ये. सीमेवरच्या माणसाला दोन्हींकडे लक्ष ठेवावे लागते.

नाक्यावर मोटार थांबविली, तर काच खाली करावी, दोन्ही हात चक्रावर ठेवावे आणि आपल्याजवळ परवान्याचे शस्त्र आहे हे विचारण्यापूर्वीच सांगावे. परवाना मात्र म्यानाच्या बाजूच्या खिशात कधी ठेवू नये. तो काढावयास हात जिकडे वळेल, तिकडेच शिपायाची नजर वळणार.