कातळ चढणारी मुले

सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेले ठाकर किंवा महादेव कोळी मूल डोक्यावर मोळी घेऊन ज्या नाळेतून सहज उतरते, तेथे शहरातून आलेला आरोहक दोर बांधल्याखेरीज पाऊल टाकीत नाही. असे असूनही प्रस्तरारोहणाच्या शिबिरांत ही मुले क्वचितच आढळतात. त्यांना गोडी नाही असे मुळीच नव्हे. दोर, हार्नेस, चढाईचे बूट आणि शिबिराचे शुल्क यांचा भार त्यांच्या घरांना पेलत नाही, एवढेच.

ही अडचण दूर झाल्यास काय घडू शकते, हे भोंगीरच्या ग्रॅनाइटच्या कातळाने दाखवून दिले. समाजकल्याण निवासी शाळांतील मुलांना तेथे प्रशिक्षण मिळाले आणि त्यांतील मालावत पूर्णा व आनंदकुमार यांनी २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्ट सर केले. पूर्णाचे वय तेव्हा चौदाही पूर्ण नव्हते. आपल्या राज्याच्या आदिवासी विकास विभागाने ‘मिशन शौर्य’ हाती घेतले व मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी त्याच शिखरावर पोहोचले. शिखराची वार्ता सर्वत्र पोहोचते. तथापि गावाजवळच्या कड्यावर वर्षभर चालणारा सराव अधिक मोलाचा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रशिक्षकाने एक गोष्ट विसरता कामा नये. किशोरवयीन मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. त्याच्या बोटांच्या हाडांची वाढ चालू असते आणि वाढीचा भाग कूर्चेचा, म्हणून नाजूक असतो. बोटे आखडून बारीक कंगोऱ्यांवर वारंवार भार टाकल्यास तेथे तडा जाण्याचा संभव असतो, विशेषतः उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत. म्हणून बोटांवर लोंबकळण्याचे व्यायाम या वयात वर्ज्य करावेत. बोटाच्या मधल्या सांध्याची पाठीकडील बाजू दुखू लागली तर चढाई तत्काळ थांबवून अस्थितज्ज्ञांस दाखवावे. ‘सहन कर’ असे सांगणारा प्रशिक्षक मुलाचे कायमचे नुकसान करू शकतो. पायांवर भार घेणे, तोल सांभाळणे, विविध प्रकारचे चढ चढणे, यांवरच भर असावा.

कृत्रिम भिंतीवरील पकडी बहुधा प्रौढांच्या हाताच्या पल्ल्याने बसविलेल्या असतात. ठेंगण्या मुलाला तेथे अपयश येते ते कौशल्याअभावी नव्हे. त्यांच्यासाठी मधल्या पकडी द्याव्यात. मुलींच्या शिबिरात महिला प्रशिक्षक असल्यास पालक निर्धास्तपणे पाठवितात. चढण्यापूर्वी गाठ, हार्नेसचे बक्कल आणि दोर धरणाऱ्याचा हात ही तपासणी मुलांनीच एकमेकांची करावी. आज्ञाही त्यांच्या बोलीत असाव्यात. कड्यावरील वाऱ्यात ‘ढील’ आणि ‘ताण’ हे शब्द खालच्या साथीदाराला लगेच कळतात.