बत्तीसच्या पुढे वाट नाही

धाराशिव जिल्ह्यातलं सगळ्यात मोठ्या तोंडाचं हत्यार १६३२ मध्येच विजापूरला गेलं. परंड्याच्या किल्ल्यावरची ती मुलूख-ए-मैदान तोफ, वजन सुमारे ५५ टन. त्यानंतर इथल्या माणसाने कमरेला काय लावायचं, हे बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं.

कमरेच्या हत्यारात आखूड नळी आणि मोठी गोळी ही हौस इंग्रजांची. वेब्ली कंपनीने १८७२ मध्ये ‘बुलडॉग’ रिव्हॉल्व्हर काढलं. अडीच इंची नळी, पाच काडतुसं आणि कोटाच्या खिशात मावेल एवढं बेताचं. पुढे त्यांच्या फौजेत .४५५ बोअरचं मोठं वेब्ली आलं. त्याची गोळी १७ ग्रॅमची, तर बत्तीस (.३२) बोअरची जेमतेम साडेसहा ग्रॅमची. फरक हातालाच कळतो. नळी आखूड आणि हत्यार हलकं असलं, की जड गोळीचा धक्का मनगटावर येतो आणि दुसरी गोळी भलतीकडे जाते.

१३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेने नळदुर्ग घेतला. पाच दिवसांत निजामी संपली. पुढे भारताचा १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून इथेही लागू झाला, आणि त्याच्या नियमांनी मोठ्या बोअरचा प्रश्नच निकालात काढला. लष्करी .३८० किंवा .४५५ ची काडतुसं, ९ मिमी किंवा .४५ ची काडतुसं ज्यात चालतात, ते पिस्तूल-रिव्हॉल्व्हर निषिद्ध बोअरचं, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणारं. बाहेरच्या .३५७ आणि .४४ ची वाट १९८० च्या दशकात खासगी आयात थांबली तेव्हा बंद झाली. अमेरिकेत चार्टर आर्म्सने १९७३ मध्ये पाच गोळ्यांचं छोटं .४४ काढलं, पण आपल्याकडे त्याचं फक्त नाव ऐकायला मिळालं.

उरलं कानपूरचं बत्तीस. सरकारी कारखान्याचं, सहा गोळ्यांचं. निवड करायची ती वजनाची. २०१४ मध्ये टायटॅनियम मिश्रधातूचं ‘निर्भीक’ आलं, अर्ध्या किलोचं. किंमत १ लाख २२ हजारांच्या वर. महिलांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली, पण एवढी किंमत किती बायकांच्या आवाक्यात होती, हा प्रश्नच आहे. २०२३ मध्ये ‘प्रबल’ आलं. तेही बत्तीसच, ७६ मिमी नळीचं, चक्र बाजूला उघडणारं.

मोठा बोअर मिळत नाही, यात मला फारसं नुकसान दिसत नाही. परवाना काढून हत्यार कपाटात ठेवणाऱ्याला आखूड .४५५ पेलणार नाही. बत्तीस निदान हातात राहतं. शिवाय निवडणुकीची आचारसंहिता लागली, की ते बऱ्याचदा पोलीस ठाण्यात जमा करायचं असतंच. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडची हत्यारं तिनावरून दोनवर आणली. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात परवान्यांची फेरतपासणी सुरू झाली. तिथे बोअर कुणी विचारला नाही. मुळात हा परवाना दिलाच का, एवढंच विचारलं गेलं.