पेनाचा काटकोन

नाशिकच्या सातपूर-अंबड भागातील कारखान्यांत लेथ यंत्र फिरताना तुम्ही पाहिले असेल. लहान लेथवर सागवानाचा तुकडा कातून पेनही बनवता येते.

तुकड्यात आरपार भोक पाडून पितळी नळी चिकटवतात. भोक थोडे तरी तिरपे जातेच. म्हणून बाहेरून गुण्या लावून उपयोग नाही. टोकाचा काटकोन हवा तो नळीच्या अक्षाशी. त्यासाठी असतो बॅरल ट्रिमर. त्याचा दांडा नळीभर शिरतो आणि दांड्यावरची पाती टोक तासतात.

पण नळी रुंद असेल तर? समजा, दांडा ७ मिमी, नळी आतून १० मिमी रुंद व ५० मिमी लांब आहे. म्हणजे ५० मिमी लांबीत दांडा ३ मिमी कलू शकतो. मग १२ मिमी रुंद टोकाची एक बाजू १२ × ३ ÷ ५० = ०.७२ मिमी उंच राहील. जोडावरची ही फट नुसत्या डोळ्यांना दिसते!

उपाय सोपा आहे. आतून ७ व बाहेरून १० मिमी मापाची स्लीव्ह दांड्यावर चढवायची. मोकळीक गेली की डुलणे थांबते. पितळेची कड चमकताच तासणे थांबवावे, नाहीतर नळीच आखूड होईल.

रुंद नळीत पेन्सिल घालून हलवा. मग पेन्सिलीला कागदाची पट्टी घट्ट गुंडाळून पुन्हा पाहा. फरक हातालाच कळेल.