प्रिमरोझची लागवड व निगा

इंग्लंडांतील डेव्हन परगण्यांत शेतांच्या कडेनें मातीचे उंच बांध घालून त्यांवर कुंपणाचीं झुडपें वाढविण्याची जुनी चाल आहे. थंडी ओसरूं लागली कीं या बांधांच्या उतारावर फिकट पिवळ्या फुलांचे झुबके दिसूं लागतात. हाच प्रिमरोझ. बागेंत त्याची निगा राखूं इच्छिणारानें प्रथम हा बांध पाहावा, असें आम्हांस वाटतें. फुलण्याच्या वेळीं वरच्या झुडपांस पानें नसल्यामुळें ऊन मिळतें, व उन्हाळ्यांत सावली होते. कुजलेल्या पाल्यानें माती ओलसर राहते, पण उतारामुळें पाणी सांचत नाहीं.

थंडीनें हें झाड सहसा दगावत नाहीं. दगावतें तें उन्हाळ्याच्या कोरडेपणानें. आपल्या देशावरील वैशाखांत तें टिकविण्याच्या खटपटीस म्हणूनच कोणीं लागूं नये.

इंग्लंडांतील बागांतहि पुष्कळ झाडें केवळ दुर्लक्षानें जातात. तीन-चार वर्षांत गड्डा दाटतो, मधलें खोड जून होऊन जमिनीवर उचललें जातें व फुलें रोडावतात. अशा वेळीं खताचा मारा व्यर्थ होय. बहर संपतांच गड्डा खणून काढावा, मुळांची माती धुवावी व एकेक फुटवा मुळांसह हातानें सोडवावा. जून खोड कापून टाकावें, फार लांब मुळें छाटावीं, आणि पानांचें खत घातलेल्या सावलीच्या जागीं वीतभर अंतरावर फुटवे लावावे. शेवंतीच्या काश्या लावणाऱ्या आमच्या वाचकांस यांत नवें कांहींच वाटणार नाहीं. लावणीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यांत मात्र पाण्याची हयगय होतां कामा नये. गोगलगायी रात्रीं दिवा घेऊन वेंचाव्या. पाणी असूनहि झाड कोमेजलें तर मुळें उकरून पाहावीं. तीं कुरतडणारी एका सोंडकिड्याची पांढरी अळी तेथें सांपडण्याचा संभव असतो.

बीं धरावयाचें असल्यास फुलें निरखून घ्यावीं. कांहीं झाडांच्या फुलांत टांचणीच्या डोक्यासारखें स्त्रीकेसराचें टोंक वर दिसतें. इतरांत तें खालीं दडून पुंकेसर वर असतात. या दोन जातींचा परस्पर संकर झाल्यास बीं भरपूर धरतें, हें डार्विन यांनीं १८६२ सालीं प्रसिद्ध केलें. यास्तव दोन्ही प्रकारचीं झाडें जवळ लावावीं. रोपांसाठीं रानांतले गड्डे मात्र उपटूं नयेत. जमीनमालकाच्या परवानगीवांचून तसें करणें तेथील १९८१ च्या कायद्यानें गुन्हा आहे. बीं पिकतांच मुंग्या वाहून नेऊं लागतात, म्हणून बोंडांवर नजर ठेवावी. ताजें बीं लगेच पेरावें व त्यावर माती अगदीं नांवापुरती टाकावी. सुकवून ठेवलेलें बीं एक हिंवाळा सोसल्यावांचून बहुधा रुजत नाहीं.