आकाशाचा उतार

विमान डोक्यावरून गेलं की विलेपार्ल्याचा किंवा कुर्ल्याचा माणूस बोलणं अर्ध्यावर थांबवतो आणि आवाज विरल्यावर त्याच शब्दापासून पुढे सुरू करतो. आवाजाची सवय होते. गच्चीवरच्या अदृश्य छपराची होत नाही.

हे छप्पर उतरतं असतं. २०१५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे, मोठ्या विमानांच्या उतरण्याच्या वाटेखाली ते धावपट्टीच्या टोकाजवळून दर ५० मीटरला एक मीटर चढतं. म्हणजे किलोमीटरभर अंतरावर जेमतेम २० मीटर! पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, अँटेना, सगळं त्यातच. शिवाय मोजणी समुद्रसपाटीपासून; टेकडीवरच्या घराची बरीचशी उंची पायाखालचा खडकच खातो.

खरा पेच जुन्या इमारतींचा. कर्जाच्या फायली चाळण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे हे गणित पाठ आहे. बिल्डर वाढीव मजले विकतो, त्या पैशांतून रहिवाशांना नवी घरं देतो. वर जागाच नसेल तर तो फिरकत नाही. मग लिफ्ट नसलेल्या इमारतीत सत्तरीतल्या माणसांनी छताचं प्लास्टर पडताना बघत बसायचं.

तरी उंची वाढवून द्या, ही मागणी मला पटत नाही. ऐन पावसात खाली येणाऱ्या वैमानिकाला तो मोकळा अवकाश लागतोच. पण विमानतळ सगळ्या शहराचा आणि भुर्दंड मात्र वाटेखालच्यांना, हे कसं? रस्त्यासाठी जमीन गेली की दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा विकास हक्क मिळतो. आकाश गेलेल्यांनाही तो पुरेसा, आणि खेटे न घालता मिळायला हवा.