गाडी आधी धावते संगणकात!

विजेची गाडी एका चार्जिंगमध्ये खरोखर किती धावेल? याचे उत्तर रस्त्यावर उतरण्याआधीही मिळू शकते.

भिलाई ते नागपूर हे अंतर राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून सुमारे २६० किलोमीटर. राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा मागे टाकत भिलाई-दुर्गची मराठी कुटुंबे लग्नकार्याला, सणावाराला नागपूर गाठतात. पेट्रोलच्या गाडीत याची कुणी चिंता करत नाही. पण विजेची गाडी घ्यायचे ठरले की घरात पहिला प्रश्न येतो, वाटेत बॅटरी संपली तर?

आकडा खोटा नसतो, पण...

२०२० साली टाटांची नेक्सॉन ईव्ही बाजारात आली, तेव्हा तिचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. बॅटरी ३०.२ युनिटची. वीजबिलात असते तेच हे युनिट. म्हणजे एका युनिटमध्ये सुमारे १० किलोमीटर!

मात्र हा आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढतात. मोटारींच्या भारतीय चाचणीचक्रात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, तर सरासरी वेग ३२ च्या आसपास असतो आणि एसी बंद असतो. मे महिन्यात, पाच माणसे आणि सामान घेऊन महामार्गावरून जाणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळीच.

संगणक काय करतो?

इथे सिम्युलेशन सॉफ्टवेअर मदतीला येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत १९९४ साली ‘ॲडव्हायझर’ नावाची अशीच एक प्रणाली तयार होऊ लागली. मॅटलॅब आणि सिम्युलिंक या सॉफ्टवेअरवर ती चालते.

पडद्यावर चाक, गिअर, मोटर, बॅटरी असे चौकोन एकमेकांना जोडलेले असतात. गाडीचे वजन, आकार, टायरचे घर्षण आणि दर सेकंदाचा वेग संगणकाला सांगायचा. मग तो उलट्या दिशेने हिशेब मांडतो: चाकाला किती जोर हवा, त्यासाठी मोटरला किती वीज लागेल आणि बॅटरीतून किती जाईल.

वेगाची किंमत इथे चटकन कळते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. समजा, महामार्गावर एसी लावून एका युनिटमध्ये ६ ते ७ किलोमीटरच मिळाले, तर तीच बॅटरी १८० ते २१० किलोमीटर नेईल. म्हणजे नागपूरच्या वाटेवर एकदा थांबून चार्जिंग करावेच लागेल. दुर्ग-भिलाईतल्या रोजच्या फेऱ्यांना मात्र ती पुरून उरेल.

गाडी घेण्याआधी

पुण्यातील ‘एआरएआय’ ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या चाचणी-संशोधनात आहे. पण संगणकातले उत्तर कितीही नेमके वाटले, तरी आपण दिलेल्या माहितीवरच ते बेतलेले असते. जुनी होत चाललेली बॅटरी हिशेबात धरली नाही, तर उत्तर चुकणारच.

घरच्या घरीही एक सोपा हिशेब करता येतो. चाचणी-फेरीत किलोमीटर आणि खर्च झालेले युनिट लिहून ठेवा. शक्य असल्यास दुपारच्या उन्हात, घरची सगळी माणसे बसवून, एसी लावून महामार्गावर फेरी मारा. जाहिरातीतला आकडा दोन गाड्यांची तुलना करायला उपयोगी आहे. प्रवासाचा बेत मात्र आपल्या रस्त्याचा आकडा पाहूनच आखावा.